सुपारी फुटल्यावर पाहिलेली मुलगी

गुरुजी, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, आणि तुमच्याशी भांडायची वेळ आज आली आहे. जनवाड्याच्या शाळेत इतिहासाच्या तासाला तुम्ही ग्रीकांची ती गोष्ट सांगितली होती. तीन देवी एका धनगरापुढं उभ्या राहतात, आमच्यात देखणी कोण ते तूच ठरव म्हणतात. एक राज्य देऊ करते, दुसरी शहाणपण, तिसरी जगातली सगळ्यांत सुंदर बाई. तो तिसरीला कौल देतो. पण ती बाई असते दुसऱ्याची बायको. तिच्यापायी युद्ध होतं, अख्खं शहर जळून जातं. "नुसतं डोळ्यानं ठरिवलं की असं व्हतंय," तुम्ही म्हणालात. आम्ही माना डोलावल्या, पण पालथ्या घड्यावर पाणी ते.

पुढं मुलगी बघायला मध्यस्थ म्हणून मी तुम्हालाच मुडबीला नेलं. सुपारी फुटली, शब्द तुम्ही दिलात. आठवड्यानं कमठाण्याच्या एका लग्नात मी हिला, माझ्या आताच्या बायकोला, पाहिलं आणि तिथंच अडलो. तुम्ही ओसरीवर बसलेले आहात, मी मान खाली घालून उभा. "कामून?" एवढंच विचारता. "ही जास्त देखणी हाय, गुरुजी." तुम्ही चपला घातल्या आणि दिलेला शब्द परत घ्यायला एकटेच मुडबीला गेलात. मग महिनाभर माझ्याशी बोलला नाहीत.

पण शहर काही जळालं नाही, गुरुजी. संसार चांगला झाला, अगदी सुखाचा. मग चूक झाली की नाही? मला खरंच कळत नाही. गेल्या आठवड्यात माझ्या लेकीची सोयरीक मोडली, सुपारी फुटल्यावर. मुलाला फोनवरच्या फोटोतली दुसरीच आवडली. मी त्याला तोंडाला येईल ते बोललो. काल लेक म्हणाली, "अप्पा, तुमी असं केलं असतं काय?" ही शेजारीच भाकरी थापत होती. व्हय म्हणावं तर लेकीला घाव, चुकलो म्हणावं तर हिला. मी "न्हाई" म्हणालो. हिनं मान वर केली नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. मुडबीच्या त्या बाईला शोधून माफी मागावी, असं सकाळपासून मनात घोळतंय. पण ती समोरून आली तरी मला ओळखता यायची नाही. बघायला गेलो त्या दिवशी तुमच्यापुढं लाज वाटली, म्हणून मी तिच्याकडं बघितलंच नव्हतं.