जत्रेची रजा

९ एप्रिल २०२६, गुरुवार

उद्या भैरोबाची जत्रा! रजेचे अर्ज गोळा केले, गठ्ठ्याला सुतळी बांधली आणि टाइम ऑफिसच्या टेबलावर ठेवून आलो. दरवर्षीसारखं. युनियनचा सेक्रेटरी म्हणून एवढंच काम उरलंय मला. कारखान्यातले निम्म्याहून जास्त कामगार आमच्याच गावचे, जमिनी गेल्या तेव्हा लागलेले.

घरचं सरकार, म्हणजे चंद्राबाई, वाटणाला बसलंय. मला स्वयंपाकघरात मज्जाव.

११ एप्रिल, शनिवार

जत्रा बरी झाली. पण खरी जत्रा थोरल्या शेठच्या वेळची. ते स्वतः कारखान्याला कुलूप लावायचे आणि आखाड्याशेजारी आमच्यात मातीत बसायचे. मग आमच्याकडे जेवायला. रश्श्यानं नाकाडोळ्यांतून पाणी, तरी वाटी पुढे — नथू, अजून वाढ!

त्याच शेठविरुद्ध आम्ही युनियन काढली, हेही खरं. गेटसमोरच्या करंजाखाली पहिली सभा. माझ्या जोडीच्या भिकूने इतक्या घोषणा दिल्या की आठवडाभर घसा बसला, त्याची बायको खूश. शेठ दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. जत्रेला मात्र आले! भांडायचं तरी कुणाशी ते ठाऊक होतं तेव्हा.

आता शेठ नाहीत. करंज तोडला, तिथे कंटेनर वळतात. पोरानं कंपनी विकली, नवे मालक मी पाहिलेलेसुद्धा नाहीत. फार आठवण आली शेठची काल.

१३ एप्रिल, सोमवार

बोर्डावर नोटीस. शुक्रवारी आम्ही म्हणे संप केला!

नव्या कायद्यात आहे — निम्मे किंवा जास्त कामगार ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजेवर गेले, तर तो संप. आणि चौदा दिवस आधी नोटीस नाही, म्हणून बेकायदा. ठरवलं कुणी? भैरोबानं? अर्ज मंजूर झाले नव्हते म्हणतात. कधी झाले होते? गठ्ठा ठेवायचा आणि निघायचं, हीच रीत.

भिकूला हसू आवरेना. ‘बोकड खाल्ला, त्यो बी संपात धरला व्हय?’ मीही हसलो. मग खाली माझं नाव वाचलं. चिथावणी दिली म्हणून चौकशी.

१५ एप्रिल, बुधवार

एचआरच्या स्वरदा मॅडमनी बोलावलं. पुण्याची मुलगी, माझ्या लेकीच्या वयाची. खुर्ची दिली, पाणी दिलं. जत्रेची सुटी कुठल्या करारात आहे, विचारलं. कुठल्याच नाही. शब्दावर होती. शब्द देणारा गेला, हे त्या पोरीला काय सांगायचं?

मग म्हणाल्या, “काका, संप झाला असं मान्य करून माफी लिहून द्या. विषय इथेच संपवू.” नाहीतर प्रत्येकाचा आठ दिवसांचा पगार कापणार आणि मी घरी. रिटायर व्हायला दीड वर्ष उरलंय!

१७ एप्रिल, शुक्रवार

वकिलांकडे जाऊन आलो. माफी म्हणजे बेकायदा संपाची कबुली. तीच घेऊन कंपनी युनियनची नोंदणी रद्द करायला जाईल, म्हणाले. म्हणजे मी सही करायची आणि मीच युनियनचं तेरावं घालायचं.

१८ एप्रिल

जेवण गेलं नाही.

२१ एप्रिल, मंगळवार

युनियनचे सगळे घरी आले होते. सगळ्यांचं एकच — सही कर. भिकू तर म्हणाला, “युनियन हाय कशाला आता? दिवाळीच्या मिठाईपुरती?” लागलं मला. खोटं नाही म्हणूनच लागलं. माणसं दमलीत, घरांचे हप्ते आहेत, दोष कुणाला देऊ?

ते गेल्यावर चंद्राबाई म्हणाली, सही करा न्हाईतर करू नका, पर जेवा.

२४ एप्रिल, शुक्रवार

पॅकिंगमधली करिष्मा बस थांब्यावर भेटली. धनगरवाड्यावरच्या बिरूची मुलगी. मुदतीवरची कामगार, म्हणून युनियनची मेंबर नाही. जत्रेदिवशी ती बिचारी कामावरच होती. चौकशीत तिला बोलावलं होतं. नथूतात्यांनी सगळ्यांना रजा टाकायला लावली, एवढंच तिनं सांगावं, असं कंपनीचं म्हणणं.

‘मी म्हनलं, मला ठाव न्हाई. जत्रेला कुनी सांगावं लागतंय व्हय?’

मी रागावलो. महिनाअखेर मुदत संपतेय तुझी, माझ्यापायी कंपनीशी कशाला वाकडं घेतेस?

“मग काय खोटं बोलू, तात्या?” आणि बसमध्ये चढली. मी तिथेच उभा. आमच्या पंक्तीत जिला कधी पाट मांडला नाही, ती पोर माझी बाजू घेऊन गेली.

२८ एप्रिल, मंगळवार

माफी लिहिली. सोमवारी देईन. पोरांचे पगार तरी वाचतील. लिहिताना रडू आलं — करंज, शेठ, भिकूचा बसलेला घसा, सगळं डोळ्यांपुढे. हे इथेच राहू दे, कुणाला सांगणार नाही.

१ मे, शुक्रवार

गेटवर युनियनचा झेंडा लावला. आपण दोघे-तिघेच असू असं धरून चाललो होतो, तर सगळी पाळी उभी! घोषणा मात्र एक नाही. काल पॅकिंगमधल्या सगळ्या मुलींची मुदत वाढवली, एका करिष्माची सोडून. चौकशीत ती काय बोलली, ते एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. भिकू माझ्याकडे बघेना.

४ मे, सोमवार

माफी खिशात घेऊन निघालो होतो. भिकूने गेटवरच मागून घेतली आणि फाडली. दुपारी संपाची नोटीस दिली. रीतसर, चौदा दिवसांची, खाली सगळ्यांच्या सह्या. मागणी एकच — करिष्माला परत घ्या. जत्रेचं नाव कुणी काढलंसुद्धा नाही.