पाच बाटल्या, पाच शून्य

२ फेब्रुवारी, सोमवार
आजही शून्य. नदीच्या आणि नळाच्या पाण्यात परजीवी शोधायला बसून मला सहा वर्षं झाली. आधी सापडायचे. गेली दोन वर्षं एकही नाही. माझा दराराच तसा आहे. काम सोपं: अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावायचा, हिरवे चमकणारे ठिपके दिसले तर परजीवी, नाही तर शून्य आणि खाली माझी सही.

सासरे राहायला आलेत. नवी किडनी बसवलीय, प्रतिकारशक्ती जवळपास नाही. डॉक्टर म्हणे पाणी उकळून द्या. मी बायकोला बजावलं की या घरात पाणी उकळणं म्हणजे माझ्या सहीचा अपमान. ती पातेलं घासायला लागली. पटलं असावं. मग डोळे तपासून घ्या म्हणाली. विषयाला सोडून बोलायची सवयच आहे तिला.

४ फेब्रुवारी
साहेबांनी सांगितलं की या आठवड्याच्या पाच बाटल्यांपैकी एकीत मुख्य लॅबनं मुद्दाम शंभर परजीवी सोडलेत. कुठल्या, ते मी शोधायचं. माझी परीक्षा! हसूच आलं.

५ फेब्रुवारी
पहिल्या तीन बाटल्या शून्य. उरल्या दोन. मजा येतेय.

६ फेब्रुवारी, सकाळी ११
चौथी शून्य. म्हणजे पाचवीच. खरं तर बघायची गरज नाही, पण शिस्त म्हणजे शिस्त.

११.४०
पाचवी शून्य.

१२.१५
लेन्स पुसली. चष्मा पुसला. शून्य. दिवा जुना झालाय. परजीवी चमकवणारा रंगही शिळा असणार. खरेदी खात्याला खरमरीत पत्र लिहायचं.

१२.५०
लॅबमध्ये नव्यानंच लागलेल्या मॅडमना सहज म्हणून पाचही स्लाइड दाखवल्या. दुसरीवर त्यांनी विचारलं, एवढे सगळे मोजायचे का. मी म्हटलं, तुमचीच परीक्षा घेतोय. चौथीवर त्यांनी दोनदा फोकस फिरवला. मग म्हणाल्या की इथंही सात आहेत.
चौथी बाटली आमच्या भागाच्या नळाची; तिच्यात मुद्दाम कुणी काही सोडलेलं नव्हतं. पुन्हा डोळा लावला. नुसता काळोख.

दुपारी ३
घाबरलोय. स्पष्टच लिहितो, वाचणारं कोण आहे! दोन वर्षांचे शून्य म्हणजे काय मग? लोकांनी काय प्यायलं? सासऱ्यांनी चार दिवस काय प्यायलं? साहेबांना आत्ताच्या आत्ता सांगायचं.

३.२०
साहेब फोनवर आहेत. फोनवर असलेल्या माणसाला त्रास देऊ नये.

४.१०
मॅडमनी सांगून टाकलं. साहेब ओरडले नाहीत, त्यानं जास्त धडकी भरली. सोमवारपासून मायक्रोस्कोपवर मॅडम, आणि मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. भागात पाणी उकळून प्यायची सूचना आजच फिरणार. मजकूर मला लिहायला लावला.

संध्याकाळी ६
धावत घरी आलो. सासरे बाथरूममध्ये. जुलाब लागले, नक्कीच! दाराबाहेर उभा राहून घाम पुसला. ते बाहेर येऊन म्हणाले की दाढी करत होतो, एवढी काय घाई?
बायकोला सगळं सांगितलं. सांगताना रडलोसुद्धा. तिनं शांतपणे सांगितलं की बाबांना काही होणार नाही, पहिल्या दिवसापासून त्यांना उकळलेलंच देते. मी ऑफिसला गेलो की पातेलं चढतं. तीही दोन वर्षं तेच पिते. अख्ख्या बिल्डिंगला तिनं सांगून ठेवलंय की समोरची मिठाची बरणी न दिसणाऱ्या माणसाच्या सहीवर पाणी पिऊ नका.
जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, म्हणजे दोन वर्षं मीही उकळलेलंच प्यालो.
नाही, म्हणाली. मला वाईट वाटू नये म्हणून माझी बाटली ती रोज नळाखालीच भरायची.