एका हाताने उघडणारी पेटी

कुरखेडा,
रविवार दुपार

प्रिय भाऊ,

सप्रेम जयभीम. अक्षर पाहून हसू नको. पोरांच्या वह्यांवर लाल पेनानं ‘अक्षर सुधारा’ लिहिणारी मास्तरीण स्वतःच कोंबडीचे पाय काढून राह्यली, असं म्हणशील. म्हण बापा. पण पत्र शेवटपर्यंत वाच. फोनवर तू ‘हो, बरं हाय, घे विक्कीसंग बोल’ एवढं म्हणून फोन पोराच्या हातात देतोस आणि माझे सगळे प्रश्न पोटातच राहतात. हे पत्र विक्कीच्या हातात द्यायचं नाही, तुला माझी शपथ आहे.

तर प्रश्न एका पेटीचा आहे. आमच्या शाळेत तिरंदाजी सुरू झाली ते तुला सांगितलंच होतं. पण ही मैदानात रेषेवर उभं राहून मारायची तिरंदाजी नाही, रानातली आहे. पायवाटेनं चालत जायचं. कुठे झाडाआड, कुठे नाल्यापलीकडे, कुठे उतारावर निशाण लावलेलं असतं. ते किती लांब आहे हे कोणी सांगत नाही, आपणच डोळ्यानं अंदाज घ्यायचा आणि बाण सोडायचा. एवढं ऐकल्यावर मी घरी बसते होय? लहानपणी तू खाणीतून आलास की ‘खाली अंधारात वारा कुठून येते?’ म्हणून तुझं जेवण कडू करायची मी, तीच खोड अजून आहे. धानाची चुरणी-मळणी आटोपली की आमच्या गावामागच्या रानात जिल्ह्यातल्या पोरापोरींची अशी स्पर्धा घ्यायचं ठरलं आहे. शिकवणारी दीपाली माझीच जुनी विद्यार्थिनी. अंगानं काडी, पण धनुष्य ओढायला लागली की बघत राहावं. तिनं प्रथमोपचाराची पेटी माझ्या गळ्यात घातली. काऊन, तर मी विज्ञान शिकवते! विज्ञानाच्या बाईला रक्त चालतं असा तिचा समज आहे.

आयोजकांची अट एकच आहे आणि तीच आमच्या मुळावर आली आहे. प्रथमोपचार शिकलेलं एक माणूस पेटी घेऊन पोरांसोबत पूर्ण वाट चाललं पाहिजे. रुग्णवाहिका डांबरी रस्त्यावर थांबेल, रानात शिरणार नाही, आणि दवाखान्यातल्या सिस्टरला आमच्यासाठी रानात फिरायला सुटी कोण देणार? असं माणूस मिळालं नाही तर स्पर्धा दुसऱ्या तालुक्यात जाईल आणि आमच्या पोरी घरीच राहतील, कारण पोरीला मुक्कामाला पाठवा म्हटलं की इथल्या बापांना एकदम शेतीची कामं आठवतात. मी ताबडतोब तुझं नाव सांगितलं. माजरीच्या खाणीत निवृत्त होईपर्यंत तू प्रथमोपचाराच्या चमूत होतास, तुझ्यापेक्षा शिकलेलं माणूस मी कुठून आणू? तुला फोन केला तर तू म्हणालास, ‘रीता, पोळ्यापासून लकव्यानं उजवा हात लाकूड झाला माहा. आता मी काय पट्ट्या बांधू?’ आणि दिलास फोन विक्कीला. पेटी तरी भरून ठेवू म्हटलं आणि कामाला लागले.

जरा थांबते. हात भरून आला.

हं. दीपालीनं वडशाहून एक लाल पेटी विकत आणली होती. उघडून बघते तर काय, चिमुकल्या चिकटपट्ट्या, त्यावर मांजराची चित्रं. मी म्हटलं, अगं बाई, बाण लागला कोणाला तर मांजर चिकटवायचं का? ती म्हणाली, मॅडम, बाण सहसा लागत नाही, दोरी लागते. मला काही पटेना. तेव्हा पिंकीनं, म्हणजे आमच्या नववीतल्या सगळ्यात पक्क्या नेमाच्या पोरीनं, बाही वर करून डावा हात दाखवला. कोपराच्या आतली बाजू पिकल्या जांभळासारखी झाली होती. दोरी सुटते तेव्हा धनुष्य धरलेल्या हाताला चाटून जाते. कोपर जरा आत वळलं की बसलाच फटका. मग मला स्वतः करून बघायचंच होतं, आणि बघितलं. भाऊ, काय सांगू, डोळ्यांपुढे माजरी, भद्रावती, चांदा सगळं फिरून आलं. पोरी हसून हसून खाली बसल्या.

आणखी एक गंमत कळली. बाण मारताना लागत नाही एवढा बाण उपटताना लागतो. निशाणात रुतलेला बाण जोर लावून ओढला की तो एकदम सुटतो आणि त्याचं मागचं टोक मागे उभ्या असलेल्याच्या डोळ्यात जाऊ शकतं. म्हणजे पेटीतल्या औषधापेक्षा ‘मागे कोणी उभं राहू नका’ हे सांगणं मोठं. पेटी भरायला बसले आणि निम्मं काम पेटीबाहेरच निघालं. वाटेवरच्या एका येनाच्या झाडावर आग्या मोहोळ दिसलं तर आम्ही पेटीत औषध वाढवलं नाही, वाटच वळवली. बरोबर केलं ना?

अंगात रुतलेल्या बाणाचं मात्र मला कोणी शिकवायची गरज पडली नाही. रुतलेली वस्तू उपटायची नाही, तिच्याभोवती कापडाचं कडं करून बसवायचं, ती हलू द्यायची नाही आणि दवाखाना गाठायचा. हे तूच माझ्या मांडीवर पेन्सिल धरून शिकवलं होतंस, आठवते? खाणींच्या प्रथमोपचार स्पर्धा जवळ आल्या की मी तुझी पेशंट. तिकोनी पट्ट्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बांधायचास. एकदा दोन्ही पाय फळीला बांधले आणि तू चौकात चहाला गेलास तो गेलासच. आई आली, तिला वाटलं पोरीचे पाय मोडले, आणि तिनं जो गळा काढला! त्या साली तुमचा चमू पहिला आला होता. बक्षिसाचा थर्मास तू मला दिलास, अजून शाळेत त्यातूनच चहा नेते.

आता मुख्य भानगड ऐक. गावात बातमी पसरली की रीताबाई दवाईची पेटी भरून राह्यली. मग काय, ज्याच्या-त्याच्या घरून काही ना काही यायला लागलं. कोणी हळद, कोणी रुईची पानं, सुकलूभाऊनं तर साप चावला तर करकचून बांधायला नवी सुतळी आणून दिली. त्यांना बसवून समजावलं की बांधायचं नाही, कापायचं नाही, पाय मोडल्यासारखा फळीला धरून न हलवता न्यायचं. ते म्हणाले, ‘मंग सुतळी?’ मी म्हटलं, फळी बांधायला ठेवते, पण सैल. खूश झाले.

पण माझ्या सासूबाई गप्पच होत्या, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. रानात चालायचं म्हणजे पायात काटा जाणार, आणि काटा गेला की आपल्याकडे काय करतात? सुईनं टोचून गरम बिब्बा. तू हसशील, पण त्यांनी मला न सांगता आधीच टोचून ठेवलेले बिब्बे कापसाच्या गुंडाळीत खोचून पेटीत ठेवून दिले. ऐनवेळी सुई कोण शोधत बसेल, हा त्यांचा हिशेब. बिब्ब्याचं ते काळं तेल सगळ्या कापसात आणि पट्ट्यांत उतरलं. मी आपली दुसऱ्या दिवशी शाळेत उजव्या हातानं कापूस पिंजत बसले. संध्याकाळपर्यंत हात खाजायला लागला आणि सकाळी बघते तर बिब्बा उतला होता. बोटं सुजून भेंडीएवढी, वर फोड. प्रथमोपचाराच्या पेटीनं पहिला पेशंट घरातलाच घेतला! दवाखान्यात मलम लावून उजवा हात पुरता बांधून टाकला. सासूबाई पदर तोंडाला लावून म्हणत होत्या, ‘मले का माहीत तू सप्पा कापूस चिवडशील म्हून.’ त्यांना रागावू तरी कशी?

तर भाऊ, मी एका हातावर आले.

आधी वाटलं, चार दिवसांचं आहे, निभावू. मग वेणी घालता येईना. पातळाच्या निऱ्या धरता येईनात. भाकर थापायची सोड, डब्याचं झाकण उघडेना, तर तो डबा गुडघ्यांत धरून झाकण दातानं ओढलं आणि चटणी अंगभर. मी रडलेसुद्धा, खरं सांगते. आणि मग माझी खोड जागी झाली. एका हातानं काय काय होतं हे बघायचंच म्हणून मी बिब्बा लागलेलं सगळं फेकून दिलेली ती लाल पेटी समोर घेऊन बसले. तिला दोन कड्या, दोन्ही एकदम दाबल्याशिवाय उघडतच नाही! मलमाचं टोपण फिरवायला ट्यूब धरणार कोण? चिकटपट्टीचं टोक सापडेना. कात्री डाव्या हातात कापतच नाही रे, कापड नुसतं चावते. असं काऊन होते म्हणून मी तासभर ती उलटीसुलटी केली, तेव्हा कळलं की तिची पाती उजव्या हाताच्या दाबानंच एकमेकींना घासतात. इतकी वर्षं कात्री वापरते, मला पत्ता नव्हता.

हे सगळं दीपालीला हसत हसत सांगत होते, तर ती एकदम गंभीर झाली. म्हणाली, मॅडम, ज्याला लागते त्याच्याजवळ बी एकच हात उरते ना. बरोबरच होतं तिचं. समज, सोबतीण पुढच्या निशाणावर आहे, पेटीवाला माणूस पेटी इथेच ठेवून वळणामागे गेला आहे, आणि या पोरीच्या एका हातातून रक्त येत आहे. तिनं ती पेटी उघडायची कशी? त्या दिवसापासून आम्ही पेटी नव्यानं मांडायला घेतली. कड्या काढून टाकल्या, झाकणावर सायकलच्या ट्यूबचा रुंद पट्टा चढवला, अंगठ्यानं सरकवला की उघडतं. चिकटपट्टीचे तुकडे आधीच कापून, टोकं दुमडून झाकणाच्या आतून चिकटवले. पट्टीचं शेवटचं टोक अडकवायला पिनांऐवजी कपडे वाळत घालायचे चिमटे. पिंकीनं एक हात पाठीमागे घेऊन स्वतःच्या पायाला पट्टी बांधून दाखवली तेव्हा मी टाळ्या वाजवायला गेले आणि मेले दुखण्यानं.

एकच गोष्ट काही केल्या जमली नाही. एका हातानं दुसऱ्याचा हात गळ्यातल्या झोळीत बांधायचा कसा? तिकोनी पट्टी मी दातात धरली, दाराच्या कडीला अडकवली, सासूबाईंना पेशंट केलं. त्यांचा हात राहिला बाजूला, मानच आवळली गेली. म्हणून मी विक्कीला सहज फोन करून विचारलं की तुझ्या बाबांना असं काही जमत असेल का, आणि पोरगं बोलून बसलं. गाडीवरून पडून त्याचा हात दुखावला होता तेव्हा तू त्याला झोळी बांधलीस म्हणे. डाव्या हातानं आणि दातानं. दवाखान्यातल्या माणसानं विचारलं, एवढी बरोबर कोणी बांधली? आणि तू विक्कीला बजावलंस, कोणाला सांगू नको. काऊन, भाऊ? दातानं गाठ मारली म्हणून? अरे, तीच तर गाठ मला हवी आहे!

विक्कीवर रागावू नको. त्यानं हेही सांगितलं की तू रोज पहाटे दूरवर चालून येतोस, पाय पक्के आहेत. आणि सही मागतील म्हणून कुठेच जात नाहीस, हेही सांगितलं.

मी आयोजकांना स्पष्ट विचारलं. म्हटलं, माणूस पक्का शिकलेला आहे, पण त्याचा उजवा हात चालत नाही. ते म्हणाले, काय करायचं हे सांगणारं डोकं पाहिजे, सोबत दोन धडधाकट हात असले म्हणजे झालं. ते दोन माझे आहेत. तुझा धरून आपले तीन होतात, एका पेटीला आणखी किती पाहिजेत? नाव येत्या आठवड्यात कळवायचं आहे. पोरी रोज विचारतात, मॅडम, तुमचे भाऊ येणार ना? पिंकीनं तर वाटेवर तुझ्यासाठी बसायचे दगडही बघून ठेवले. मी तिला म्हटलं, माझा भाऊ बसणाऱ्यातला नाही.

आता अक्षराचं सांगते. तुला वाटलं असेल बिब्ब्यानं हात बांधलेला आहे म्हणून असं आलं. नाही भाऊ. उजवा हात बरा झाला, मागच्या आठवड्यातच पट्टी सुटली. काल त्याच हातानं पोरांच्या वह्या तपासल्या. हे पत्र मात्र मी सगळं डाव्या हातानं लिहिलं आहे, त्या रविवारपासून रोज थोडं थोडं, पेन फेकून द्यावा वाटला तरी. पोळ्यापासून तू काय सोसतोस ते मला बोलून कळलं नाही, म्हणून लिहून बघितलं. वर जाऊन पहिला ‘भाऊ’ बघ आणि हा बघ. सुधारला ना जरा? आता तुझी पाळी. मला फोन नको, विक्कीचा निरोप नको. ‘येतो’ एवढंच डाव्या हातानं लिहून पाठव. दोनच अक्षरं आहेत, वाकडी आली तरी मी लाल पेन लावणार नाही. आणि यायचं नसेल तर ‘नाही’ हेही तूच लिही, त्यालाही दोनच अक्षरं लागतात.

वाट बघते.

तुझीच पेशंट,
रीता