आवाज न करणारा पंप

१० नोव्हेंबर २०२४, आर्णी
पंप सुरू झाला! बंजाऱ्यांच्या तांड्यातील सामायिक विहिरीवरचे डिझेल इंजिन आज उतरवले. त्या जागी सौरपंप बसला. माझ्या पत्नीने, मंजुषाने, त्याच तांड्याच्या शाळेत आयुष्यभर शिकवले — इंजिनाच्या धुराने खोकत. तिच्या मागे राहिलेल्या पैशाचा याहून योग्य विनियोग मला सुचला नाही. पॅनेलच्या खांबावर तिचे नाव रंगवले आहे.
तांड्याचा नाईक खेमसिंग म्हणाला, "सर, सूर्य काही उधारी मांगत नाही!"

१ डिसेंबर
खनिज तेलावर देश किती काळ विसंबणार, हा प्रश्न मी भौतिकशास्त्राच्या वर्गात निवृत्त होईपर्यंत विचारला. आता उत्तर डोळ्यांसमोर आहे. धूर नाही, आवाज नाही. शेजारी उभे राहिले तरी पंप चालू असल्याचे कळत नाही. आसपासचे शेतकरी पाहायला येतात. सौरपंपाच्या सरकारी योजनेत अर्ज कसा करावा, हे मी त्यांना समजावून देतो. मंजुषाला हे आवडले असते.

२३ फेब्रुवारी २०२५
खेमसिंगची पत्नी जमनी पाणी शेंदत होती. "सर, बाईच्या पंपानं मायी बादली बुडत नाही. दोराले लुगड्याची पट्टी जोडली, पाहा!" हसत होती. मी विहिरीत डोकावलो. ओल्या दगडांच्या पुष्कळ खाली पाणी होते. फेब्रुवारीत!

६ मार्च
कारण उघड आहे. पूर्वी ज्याची पाळी, तो आपला डिझेलचा डबा आणी. डबा संपला की पाळी संपली. पाणी कोणीच मोजत नसे — डबाच मोजत असे. तो मी काढून घेतला. आता उजाडल्यापासून मावळेपर्यंत उपसा चालतो. यंदा तांड्याने प्रथमच उन्हाळी भुईमूग पेरला आहे.
"दुपारी तरी बंद ठेवा," असे मी खेमसिंगला सुचवले.
"कायले? ऊन फुकट वाया जाते न, सर!"

१४ मार्च
तांड्याच्या होळीला गेलो. गाणी थांबल्यावर कोणीतरी म्हणाले, "बाईचा पंप लय तहानेला हाय!" सगळे हसले. तिच्या नावाने.

१६ एप्रिल
बादलीत गाळ येतो. प्यायला दुसरी विहीर नाही. मी कळ बंद करतो. माझी पाठ फिरताच ती पुन्हा सुरू होते.

१७ एप्रिल
मंजुषाचे कपाट उघडले. ती गेल्यापासून उघडले नव्हते. साड्या घेऊन तांड्यावर गेलो आणि पॅनेलवर पसरल्या. बाईच्या साडीला तिथे कोणीही हात लावणार नाही, हे मला ठाऊक होते. पंप थांबला.
खेमसिंग म्हणाला, "भुईमूग जाते मंग, सर."
"अन् पोरं काय पेतीन? तुमचा भुईमूग?" — जमनी. पदरांच्या गाठी तिनेच मारल्या. शिडी अखेर खेमसिंगनेच धरली.

२ मे
साड्या जागच्या जागी आहेत. पंप बंद आहे. तरीही पाणी आणखी खाली गेले.
टेकडीवर चढून पाहिले. चहूकडच्या शेतांत पॅनेल चमकत होती — मी ज्यांना अर्ज समजावले, त्यांची. पूर्वी इंजिने ऐकू आली असती. कान देऊन उभा राहिलो.
काहीही ऐकू आले नाही.