टाकीतली अकरा पिल्लं

विनीत,

आपल्या ईशाला घेऊन देवरूखला आईकडे चाललेय. ईशाच्या काचेच्या टाकीतली, त्या पालीसारख्या दिसणाऱ्या न्यूटची पिल्लं सकाळी मेलेली दिसली, अकराच्या अकरा. दोन महिने आपल्या विहिरीच्या गार पाण्यात ती छान वाढली, पुढचे पाय फुटले, मागचेही फुटत होते. काल तिने नेहमीसारखं अर्धं पाणी बदललं, एवढंच.

परवा पहाटे तू कंपनीच्या सांडपाण्याचा टँकर लवकर रिकामा करून आलास. विहिरीच्या वर कातळाच्या सड्यावरचं गवत चाकांखाली दबलंय, ते मी आत्ताच बघून आले.

भात विकतच्या पाण्यात शिजवलाय, जेवून घे. शेजारच्या गोदाकाकूंना आपल्या विहिरीचं पाणी नेऊ नका म्हणून सांगितलंय. का, ते तू सांग.

नम्रता