निषादच्या आंघोळीबाबत आत्याबाईंना

पिरंगुट, रविवार

ती. राजाबाई आत्याबाईंच्या पायांशी शारदाचा नमस्कार.

तुमचे गुडघे आता कसे आहेत? भाताची झोडणी उरकली असेल. शेळ्या व्याल्या का, आणि ती काळी शेळी अजून दत्ताभावजींनाच ढुशी देते का, ते कळवा. आम्ही इकडे बरे आहोत. हे सगळं फोनवरही बोलता आलं असतं, पण तुमचं बोलून झालं की तुम्ही फोन ठेवता, म्हणून लिहायला बसले. सोनाली वाचून दाखवेल. (सोनाली, तुझ्या सासूबाई मध्येच उठल्या तर त्यांना बसव. ओट्यावर पुरुषमाणसं असली तरी आवाज कमी करू नकोस, ही गोष्ट त्यांचीच आहे.)

दत्ताभावजींबरोबर पाठवलेला निरोप मिळाला. "शारदीनं पोराचं काम अर्धं ठिवलंय, जत्रंला आली की मी पुरं करती." आत्याबाई, मी तुमच्यापुढे कधी मोठ्यानं बोलले नाही, आताही बोलत नाही, लिहिते आहे. हे काम पुरं होणार नाही.

दिवाळीत काय झालं ते तुमच्या अंगणात रोज नव्यानं सांगितलं जातं असं ऐकते, म्हणून माझ्याकडचंही ऐका. तुमच्या हातची आंघोळ म्हणजे गावात मोठा मान. निम्मं मुळशी तुमच्या पसरलेल्या पायांवर पालथं पडून मोठं झालं. नाकं ओढून तुम्ही सरळ केलीत, डोकी दाबून गोल केलीत (तुमच्या भाच्याचं, जनार्दनचं डोकं तुमच्या हातून कसं सुटलं ते एकदा विचारायचं आहे), आणि मुलगा असला की तेलाचं बोट लावून शूच्या जागेची कातडी मागे सारायची, ही तुमची रीतच. मी चुलीपाशी करंज्या तळत होते. न्हाणीतून माझ्या चार वर्षांच्या निषादची किंकाळी आली तेव्हा मला वाटलं, कढत पाणी सांडलं. धावत आले तर तुम्ही शांतपणे म्हणालात, रडतंय म्हंजी सुटतंय.

सुटलं काही नाही. दुपारपर्यंत टोक लाल होऊन सुजलं, आणि पोरगं चड्डी दोन्ही हातांनी धरून गोठ्यापाशी उभं. शू आली आहे, पण करायची नाही, कारण आग होते. मग तुमच्या अंगणात जे भरलं त्याला ग्रामसभाच म्हणायला हवी. गंगूबाई हळद-चुना कालवून घेऊन आल्या. कोणी पावडर सुचवली, कोणी डेटॉल. कोंडाजीमामा तर शेळीच्या सडाला लावायचं मलम घेऊन आले आणि म्हणाले, तिला चालतंय तर ह्याला का चालू न्हाई. (मामा चांगल्या मनानं आले होते, हे मी विसरलेले नाही. मलमाचा वास मात्र अजून नाकात आहे.) माणच्या मनीषनं व्हिडिओ कॉलवरून सरळ ऑपरेशन करून टाकायला सांगितलं. त्याचा अधिकार एवढाच, की तो एका दवाखान्याचं ॲप बनवतो. आणि माझा नवरा जनार्दन, ज्याच्याकडे मी आशेनं पाहत होते, तो म्हणाला, आमचं सगळ्यांचं असंच झालंय की, काय बिघडलं? मी अंगणातल्या सगळ्या बाप्यांना विचारलं, तुम्हाला आठवतंय का? कोणाला आठवत नव्हतं. आठवत नाही म्हणजे दुखलं नव्हतं, असं कसं धरायचं? तेव्हा तेही असेच कुठेतरी चड्डी धरून उभे असतील, आणि त्यांच्या आयांना चुलीपासून उठायची सोय नसेल. मला होती. मी उठले.

चुना बाजूला सारला, पोराला उचललं आणि जनार्दनच्या मागे गाडीवर बसले. पिरंगुटच्या डॉक्टर गौतमीबाईंनी ओढाताण न करता नुसतं पाहिलं. मग टबात कोमट पाणी काढायला सांगून म्हणाल्या, बस त्यात आणि कर शू, पाण्यात आग होत नाही. निषादनं जनार्दनकडे पाहिलं, जनार्दननं छताकडे पाहिलं, आणि झाली. इतकी, की बाईंना हसू आलं.

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. (सोनाली, इथे सावकाश वाच.) लहानपणी ती कातडी आतून चिकटलेलीच असते. तो दोष नाही. ती आपोआप सुटते, कोणाची लवकर, कोणाची पार मोठेपणी. ओढली की फाटते, फाटली की जखम भरताना आवळते, आणि पुढे खरंच ऑपरेशनची पाळी येऊ शकते. म्हणून बाहेरून साध्या पाण्यानं धुवायचं, साबण चोळायचा नाही, टिपून कोरडं करायचं, चड्डी सुती आणि सैल. लाली आली तर कोमट पाण्यात बसवायचं आणि त्यांनी दिलेलं मलमच लावायचं. शू अडली, पू आला, ताप आला, किंवा मागे गेलेली कातडी पुढे येईना, तर वाट न पाहता दवाखाना. मोठेपणी ती सहज मागे जायला लागली की तो स्वतःच धुवून पुन्हा पुढे घेईल. निषाद चार-पाच दिवसांत बरा झाला.

यावर तुम्ही काय म्हणालात तेही पोचलं. "डागदरीन कालची, मी शंभर पोरं न्हाऊ घातली." घातलीत, आत्याबाई, आणि त्यांतली बहुतेक तुमच्या मायेनं वाढली. डोक्याला तेल लावा, ओव्या म्हणा, दृष्ट काढा, मी मिरच्या आणून देईन. त्या एका जागी मात्र तुमचं बोट चालणार नाही. याचा राग येणार असेल तर येऊ द्या. मला उद्धट म्हणा, शिकून वाया गेलेली म्हणा, जत्रेत माझ्या हातची भाकरी खाऊ नका. मी हलणार नाही.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची न ऐकणारी भाचेसून,
शारदा

ता. क. गंगूबाईंना म्हणावं, चुना पानालाच बरा.

ता. क. आणखी एक. खरं तर हेच आधी लिहायचं होतं. जत्रेनंतर माझं पिशवीचं ऑपरेशन ठरलंय. घाबरू नका, गाठ साधी आहे. जनार्दन दवाखान्यात माझ्यापाशी राहील. तेवढे दिवस निषादला तुमच्याकडे ठेवायचं आहे. माझी आई असती, तरी मी त्याला तुमच्याकडेच ठेवलं असतं. मागे त्याला ताप आला होता तेव्हा मांडीवर घेऊन तुम्हीच बसून राहिला होतात. अट वर लिहिली आहे तीच. ती मान्य नसेल तर कळवा, मी ऑपरेशन पुढे ढकलेन.

ता. क. शेवटचं. आजीकडे राहशील का, असं निषादला विचारलं. म्हणाला, राहीन. मग मला लिहायला लावलं, ते असं: आजी, पाणी तू घाल. ते माझं मी धुईन.