नव्वद दिवस निरंक

३० जानेवारी १९८६
आज राहायला आलो. पत्र्याची एक खोली, दारात लिंब, समोर कोरडं तळं. लेकीला, गौराला, खोली फार आवडली. हे गेल्यावर यांच्या खात्यात मला नोकरी मिळाली. मी शाळेत गेले नाही. गुळाच्या पुड्यांच्या कागदांवरून वाचायला शिकले. माझं अक्षर सावकाश उमटतं, पण उमटतं. सरकारी वहीची मागची पानं कोरी आहेत, त्यांत हे लिहिते. वही देताना फाडून घेईन.

काम सोपं. तळ्याच्या मधोमध फुटांचे आकडे घातलेला दगडी खांब आहे. एक फेब्रुवारीपासून रोज सकाळी त्यावर पाणी किती ते लिहायचं. नसेल तर ‘निरंक’. नव्वद दिवस निरंक आलं, की तळं बुजवून नव्या जिल्ह्याचा रस्ता त्यावरून न्यायला मंजुरी मिळते. पाणी दिसलं तर पूल बांधावा लागतो. शेजारच्या धोंडाबाईने विचारलं, पाणीच न्हाई तर काय धूळ मोजून राहिल्या का बाई. मीही हसले.

हे गौराची उंची चौकटीवर मोजत. इथे तिला खांबाला उभी केली. बरोबर चार फूट. मग तिने मला मोजलं. पाच.

३ फेब्रुवारी
तालुक्याहून बसलिंगप्पा कारकून आले. म्हणाले, कोरड्या तळ्याकडं नव्वद दिवस काय बघायचं अक्का, सगळे रकाने आजच भरून ठेवा, एक मेला वही न्यायला येतो. मी कचरले, तर म्हणाले, नोकरी अजून कच्ची आहे. माझ्या हाताला दोन दिवस लागले असते. गौराला अक्षराचं बक्षीस मिळालेलं. तिने एका बैठकीत नव्वद वेळा निरंक लिहिलं. मी सह्या केल्या.

९ फेब्रुवारी
उगाच खांबापाशी गेले. खालचा वीतभर दगड ओला. भोवतीची माती भेगाळलेली. धोंडाबाई म्हणाली, कुत्रं मुतलं असंल.

२ मार्च
ओल दीड फुटावर. वरची रेघ आखल्यासारखी सरळ. गौरा शाळेतून आली, तिचा परकर तेवढाच भिजलेला. कुठल्या पाण्यात गेलीस विचारलं. म्हणाली, कुठंच न्हाई, अव्वा.

१९ मार्च
खांबावर अडीच. गौराच्या अंगावरही अडीच. मी कोरडी.

धोंडाबाई आता हसत नाही. माझ्या आधी इथे असलेल्या माणसाचं, नरसिंगचं, आज सांगितलं. तोही बाजेवर बसूनच निरंक लिही. एक दिवस भर दुपारी त्याच बाजेवर मेला. तोंडातून गाळ निघाला. तळ्यात तेव्हाही थेंब नव्हता.

२ एप्रिल
गौराला मुदखेडला पाठवलं, बहिणीकडे, कमलम्माकडे. तिथून तळं लांब आहे.

११ एप्रिल
कमलम्माचं कार्ड. पोरगी रोज छातीपर्यंत भिजून उठते. अंथरूण कोरडं. खोकल्यात पाणी पडतं.
खांबावर तीन.

१२ एप्रिल
तालुक्याला गेले. वही दुरुस्त करू द्या म्हटलं. बसलिंगप्पा म्हणाले, खाडाखोड चालत नाही, आणि सही तुमची आहे, पोरीला काय होतंय.
येताना एसटीत कळलं. सही माझी. निरंक तिच्या हातचं. पाणी हात ओळखतं.

१५ एप्रिल
साडेतीन. गौराचं नाक त्याच्या थोडंच वर —
नोकरी जाऊ दे. तिचं एकेक निरंक खोडते. पुढे खरा आकडा, माझ्या हाताने. हात का चालत नाही भराभर.

१७ एप्रिल
शहात्तर खोडले. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. माझं. बरं झालं.
पुढच्या तारखांना काय लिहू — खरा आकडा कुणाला ठाऊक —
माझी उंची लिहिते, म्हणजे तिचं सगळं पाणी माझ्यावर येईल. पाच.

१९ एप्रिल
कार्ड आलं. गौराने भाकर खाल्ली. नुसती पावलं ओली.
माझ्या गळ्यापर्यंत. खोलीत ऊन आहे. भिंत कोरडी. श्वास घेतला की गाळाचा वास —

२० एप्रिल
पेटीवर उभी आहे. तरी हनुवटी —
शाई पसरते. एकच राहिलंय. एक मे.
तिचं निरंक — खोडलं. पुढे — पाच फू